निकालाच्या दिवशी वेबसाइट का बसते?

१६ जुलै २०२१ ची दुपार आठवते का? कोरोनामुळे परीक्षा न होताच दहावीचा निकाल लागला. राज्य मंडळाचं मुख्यालय आपल्या पुण्यातच, तरी पुण्यातल्या मुलांनाही निकाल दिसेना. सुमारे १६ लाख विद्यार्थी, त्यांचे अम्मी-अब्बा, मामू, खाला सगळे एकाच वेळी वेबसाइटवर आले आणि ती कित्येक तास बंद पडली.

असं का होतं? शादीच्या दावतीचं उदाहरण घेऊ. पाहुणे हजार आणि दस्तरखान एकच, तर दारातच गर्दी होणार. म्हणून आपण दहा दस्तरखान मांडतो आणि एक जाणता माणूस दारात उभा राहून पाहुण्यांना रिकाम्या जागी पाठवतो. दहा दस्तरखान म्हणजे सर्व्हर फार्म, दारातला माणूस म्हणजे लोड बॅलन्सर. एखादा सर्व्हर बंद पडला, तर तो तिकडे कुणालाच पाठवत नाही.

पण देग एकच असेल तर? सगळे सर्व्हर एकाच डेटाबेसकडे धावले की तिथे अडतं. निकाल काही दर मिनिटाला बदलत नाही, म्हणून त्याच्या प्रती आधीच सगळ्या सर्व्हरवर ठेवता येतात. एका दिवसासाठी मशिनं विकत घ्यायचीही गरज नाही, क्लाऊडवर ती तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. मायक्रोसॉफ्टचं असं केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे.

आपल्या हातात काय? दर वेळी रिफ्रेश दाबलं की रांगेत आणखी एक पाहुणा वाढतो. थोडं थांबा, दुसरी अधिकृत वेबसाइट किंवा डिजिलॉकर पाहा. आणि घाबरलेल्या लेकराला सांगा, वेबसाइट बसली म्हणून मार्क कुठे जात नाहीत. मूळ गुणपत्रिका शाळेतूनच मिळते.