वारा किती वाजता फिरणार?

परतीचा पाऊस गेल्यानंतरची ऑक्टोबरची तलखी आपण मागच्या लेखात पाहिली. आता नोव्हेंबर मध्यावर आला, शरद सरत आला. या दिवसांत पालघर, बोईसर, तारापूरसाठी आठवड्याचा अंदाज बहुतेक वेळा एका ओळीत मावतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, दुपारी पारा ३३ अंशांच्या आसपास, पहाटे २०-२१, पाऊस नाही. पुढच्या सात दिवसांकडूनही ऋतुमानाप्रमाणे हीच अपेक्षा धरावी.

पण या ओळीवर आपल्या पट्ट्यातल्या माणसाचे भागत नाही. इथला दिवस कसा जाणार हे तापमानाच्या आकड्यापेक्षा वारा किती वाजता फिरतो यावर जास्त ठरते, आणि ती वेळ अंदाजात कुठेच लिहिलेली नसते.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेतच शिकलो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा आत येतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर इतका असतो की ही रोजची ये-जा त्यात बुडून जाते. नोव्हेंबरमध्ये मात्र मोठा वारा मंदावतो आणि ईशान्येकडून, पूर्वेकडून येऊ लागतो. तो मतलईला साथ देतो आणि खाऱ्या वाऱ्याला अडवतो. ज्या दिवशी पूर्वेचा जोर जास्त, त्या दिवशी खारा वारा दुपारी बाराऐवजी दोन-तीन वाजता पोचतो. तोवर जमीन तापत राहते आणि पारा ३५-३६ पर्यंत चढतो. हीच कोरडी हवा रात्री जमिनीची उष्णता धरून ठेवत नाही, त्यामुळे पहाट गार होते. पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा, दोन्हींचे कारण एकच.

म्हणून अंदाज वाचताना कमाल आणि किमान यांच्यातले अंतर पाहावे. ते चौदा-पंधरा अंशांचे असेल, तर पूर्वेच्या कोरड्या वाऱ्याची सरशी आहे. अंतर नऊ-दहावर आले, तर हवेत दमटपणा किंवा आकाशात ढग आहेत असे समजावे.

जव्हार-मोखाड्याला मात्र किनाऱ्याचे आकडे लावू नयेत. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. उत्तरेत पश्चिमी झंझावात येऊन गेला की मागून उतरणारा गारठा आधी नाशिक-निफाडला पोचतो आणि मग या डोंगराळ तालुक्यांना. सातपाटी-चिंचणीला शेजारचा उबदार समुद्र सांभाळून घेतो. एका जिल्ह्याला एकच आकडा देणे इथे अपुरेच पडते.

वाऱ्याच्या वेळेचे सर्वांत जास्त महत्त्व बोईसरला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात इथल्या तारापूर औद्योगिक वसाहतीचा प्रदूषण निर्देशांक देशात सर्वांत वर, ९३.६९ होता. उत्सर्जन ही कारखान्यांची जबाबदारी. पण बाहेर पडलेला वायू कुठे जाणार आणि किती वेळ रेंगाळणार हे हवामान ठरवते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार व जड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. एरवी उंचीबरोबर तापमान उतरते, इथे ते चढते. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. भांड्यावर झाकण बसावे तशी वरची उबदार हवा खालच्या हवेला दाबून ठेवते. खालच्या थरात सोडलेला वायू वर जात नाही; मंद मतलई वारा त्याला कुंभवली, नवापूरच्या बाजूने समुद्राकडे सरकवत राहतो. दुपारी वारा फिरला की त्यातले काही पुन्हा जमिनीकडे येऊ शकते.

सगळ्यांत वाईट वेळ मध्यरात्रीची असते असे अनेकांना वाटते. पण सूर्य उगवल्यावर जमीन तापू लागते आणि हे झाकण खालून विरघळू लागते. उंच धुराड्यांतून निघून रात्रभर वर अडकून राहिलेला धूर या घुसळणीत एकदम जमिनीपर्यंत उतरतो. म्हणजे सकाळी साधारण आठ ते नऊच्या सुमारास, मुले शाळेत निघालेली असताना आणि रस्ते पाळीवर जाणाऱ्या कामगारांनी भरलेले असताना, श्वासात जाणारे प्रमाण वाढू शकते. दहानंतर हवा वरपर्यंत मिसळते आणि वास विरतो. दम्याच्या रुग्णांनी आणि वृद्धांनी या आठवड्यात पहाटेचे फिरणे संध्याकाळवर न्यावे. खारा वारा जोरात असलेली पाच-सहाची वेळ त्यातल्या त्यात बरी, मात्र वसाहतीच्या पूर्वेला राहणाऱ्यांनी वास कुठून येतो ते पाहून ठरवावे.

मुंबईसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी 'सफर' सेवा २०१५ पासून आहे. अणुभट्टीच्या जागी वाऱ्याची दिशा, वेग आणि वातावरणाची स्थिरता सतत मोजावीच लागते, आणि तारापूरला अणुवीज १९६९ पासून तयार होते आहे. म्हणजे या जागेवर वारा मोजण्याचे शास्त्र नवे नाही. मग उद्या रात्री विपरीतता किती घट्ट असेल आणि सकाळी कधी सुटेल, हे बोईसरच्या माणसाला आदल्या संध्याकाळी का कळू नये? त्या तासांत कारखान्यांनी उत्सर्जन आवरावे, अशी अट त्या अंदाजाला जोडता येईल. ही मागणी मला अगदी रास्त आणि तातडीची वाटते.

आता पावसाचे. शक्यता थोडी असली तरी याच आठवड्यांत तिची किंमत जास्त असते. गरवे भात कापून शेतात पसरलेले असते, झोडणी व्हायची असते, काहींच्या उडव्या रचून झालेल्या असतात. वाड्याकडच्या कोलमचा भिजलेला दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, पेंढा कुजतो. किनाऱ्यावर वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. पूर्वेचा कोरडा वारा त्यांना मानवतो; एक सर आली की घरच्या बायकांची दोन-तीन दिवसांची मेहनत वाया जाते.

अरबी समुद्रात वादळे दोन हंगामांत होतात: पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' गुजरातच्या किनाऱ्याकडे येता येता विरले, तरी पालघरसह मुंबई, ठाणे, रायगडच्या शाळा ५ डिसेंबरला बंद ठेवाव्या लागल्या. १ डिसेंबर २०२१ ला तर वादळाचे नावही नव्हते. अरबी समुद्रावरचे कमी दाबाचे क्षेत्र आणि वरच्या थरातली पश्चिमी द्रोणी यांनी मिळून उत्तर कोकणाला दिवसभर भिजवले. म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्यात आपल्या जिल्ह्याचा रंग हिरवा असला, तरी आग्नेय अरबी समुद्रात, लक्षद्वीपकडे काय चालले आहे ते रोज पाहावे. तिथे कमी दाब तयार झाला तर आपल्या हाती तीन-चार दिवस असतात. पूर्वेचा वारा पडला, पहाट अचानक उबदार झाली, आकाशात उंच पातळ ढगांची जाळी दिसू लागली, तर झोडणी लांबवू नये आणि उडव्या झाकाव्यात. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला तर होड्या निघू नयेत, आणि गेलेल्यांना निरोप द्यावा.

शेतकऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. गुरुवारी हवामान खाते पुढच्या चार आठवड्यांचा कल जाहीर करते. गरव्याची कापणी अजून उरलेल्यांनी तो नक्की पाहावा. पुढच्या लेखात उधाण आणि भांगाचे गणित, आणि उत्तरेला खंभातच्या आखाताकडे जाताना भरती इतकी का वाढत जाते, ते पाहू.