कातडे चिरण्याच्या जुन्या यंत्राची निगा व जुळणी

चामड्याचा पट्टा तुटतो तो जेथे सर्वांत पातळ असेल तेथे. बाकीचा भाग कितीही जाड असला, तरी त्या वेळी तो जाडपणा उपयोगी पडत नाही. शिवाय जाडपातळ सापती बैलाच्या मानेस सारखी टेकत नाही. जेथे उंचवटा असेल तेथे घासून कातडी सोलते व जनावर ऐन कामाच्या दिवसांत दावणीस बसते. उसाने भरलेली गाडी उतारावर असता सापती तुटली, तर जू मानेवरून निसटते आणि बैल व गाडीवान दोघांच्याही जिवावर बेतते. घोड्याच्या तंगाची गोष्टही अशीच. याकरिता पट्ट्याची जाडी एकसारखी करून देणारे एक हातयंत्र आहे. त्याची माहिती शेतकरी बंधूंस व त्यांचे काम करून देणाऱ्या कारागिरांस उपयोगी पडेल, अशा समजुतीने येथे देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, एकाच जनावराचे कातडे सर्व ठिकाणी सारखे नसते. पाठीकडील भाग जाड व घट्ट, तर पोटाकडील पातळ व ताणला जाणारा असतो. म्हशीचे कमावलेले कातडे तर बरेच जाड भरते. रापीने ते हातावर सारखे करणे हे मुरलेल्या कारागिराचेच काम. लांब पट्ट्यात त्याचाही हात कोठेतरी कमीजास्त पडतो. यंत्रात हे काम अंतरावर सोपविलेले असते. बिडाच्या चौकटीत एक सरळ पोलादी पाते बसविलेले असते व त्यासमोर एक रूळ फिरतो. तरफेने अथवा मळसूत्राने दोहोंमधील अंतर ठरवावयाचे, पट्टा त्यातून घालावयाचा व पलीकडून हाताने ओढावयाचा. पाते व रूळ यांमधून जो भाग निघतो तो नेमक्या जाडीचा असतो. उरलेला पापुद्रा पात्याच्या दुसऱ्या बाजूने सुटून येतो. म्हणून केसांकडील बाजू रुळाकडे व मांसाकडील बाजू पात्याकडे ठेवावी.

अशी यंत्रे बहुधा गंजली म्हणून भंगारात वजनावर जातात. वस्तुतः पुष्कळदा त्यांत मोडलेले काहीच नसते. गंजलेल्या मळसूत्रांवर रॉकेल सोडून एक रात्र थांबावे व सकाळी पान्याने हळूहळू सैल करावे. हातोडी मारू नये. बीड ठोका सोसत नाही, तडकते. पाते काढण्यापूर्वी त्याची वरची बाजू व डावे टोक खडूने खुणावून ठेवावे. रुळाच्या दोन्ही टोकांस तेल द्यावे, परंतु त्याच्या पाठीवरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर ते पट्ट्यास लागून डाग पडतात.

पात्याचा उतार मूळचा ज्या बाजूस असेल, त्याच बाजूने तेलाच्या दगडावर धार लावावी. सपाट बाजू दगडावर अगदी टेकवून, केवळ धारेवर आलेली लव काढण्यापुरती फिरवावी. शेवटी चामड्यावर पाते उलटे ओढून धार मऊ करावी. मधोमध जास्त घासले गेल्यास पात्यास पोट पडते, व मग कितीही जुळणी केली तरी पट्टा मध्ये जाडच निघतो.

आता मुख्य भाग, जुळणीचा. पात्याची धार रुळाच्या माथ्याच्या रेषेवर असावी. नंतर पाते व रूळ यांचे अंतर दोन्ही टोकांस सारखे करावयाचे. आमची हयात कागदांत गेली, म्हणून आम्ही कागदाचेच माप सुचवितो. लिहिण्याचा साधा कोरा कागद जाडीने सुमारे एकदशांश मिलिमीटर असतो. त्याची बोटभर रुंद पट्टी डाव्या टोकास घालून ती किंचित अडखळत निघेल इतके अंतर ठेवावे. तीच पट्टी उजव्या टोकास व मध्ये घालून पाहावी. एका टोकास सैल वाटल्यास त्या बाजूचे मळसूत्र पाव फेऱ्याहूनही कमी फिरवावे व पुन्हा तिन्ही ठिकाणी तपासावे. टोकांस घट्ट पण मध्ये सैल, तर पात्यास पोट आहे. रूळ फिरविताना त्याच जागी कधी घट्ट, कधी सैल लागल्यास रूळ वाकला आहे किंवा त्याची टेकणे झिजली आहेत. हे काम लेथवाल्याकडे न्यावे. सर्व ठीक असल्यास नट आवळून पुन्हा एकदा कागद घालून पाहावा, कारण आवळताना जुळणी सरकते.

प्रथम टाकाऊ तुकडा चिरून पाहावा. एक कड जाड निघाल्यास जुळणी तिरपी आहे. पट्ट्यावर लाटा उमटल्यास धार बोथट आहे किंवा पाते सैल आहे. पोटाकडील कातडे ओढताना ताणून वाकडे होते. त्याचे पट्टे भाराच्या कामास घेऊच नयेत. जाडी एकदम उतरवू नये. अर्धा अर्धा मिलिमीटर करीत दोन-तीन वेळा ओढावे. पट्टा हातास गुंडाळून ओढू नये. काम संपताच पात्यावर लाकडी पट्टी बसवावी, म्हणजे मुलाबाळांचा हात जाणार नाही. बाभळीच्या सालीने कमावलेले कातडे ओले असता लोखंडास लागले की काळे पडते व लोखंडही गंजते. म्हणून कातडे ओले नसावे व पाते रोज पुसून तेलाच्या फडक्याने झाकावे.

एक सूचना सर्वांत महत्त्वाची. कातड्याचे बळ मधल्या गुंफलेल्या तंतूंच्या थरात असते. केसांकडील थर गुळगुळीत दिसला तरी दुबळा असतो. मांसाकडून फार चिरीत गेल्यास हा दुबळा थरच हाती उरतो. तेव्हा पट्टा सुबक दिसावा म्हणून पातळ करवून घेऊ नये. त्यातील सर्वांत पातळ जागेस बरोबर करण्यापुरताच चिरावा. गिऱ्हाइकाने कारागिरास हे स्पष्ट सांगावे व त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा.

आपल्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीस घोड्यांची यात्रा भरते व तेथे खोगीर, लगाम, तंग यांचीही विक्री होते. तेथे पट्टा घेताना तो दोन बोटांच्या चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत ओढून पाहावा. जाडीतला फरक बोटांस तत्काळ कळतो. गावच्या चर्मकाराकडे असे यंत्र पडून असल्यास दहा-पाच शेतकऱ्यांनी मिळून धार व लेथ यांचा खर्च उचलावा. चर्मकार बंधूंसाठी राज्यात १९७४ साली स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे, तेथेही चौकशी करावी. हा खर्च एका बैलाच्या मानेच्या औषधोपचारापेक्षा फार नाही.