पात्रापात्रविचार

संस्कृत शिकवितांना ‘पात्र’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आम्ही मुलांस सांगत असूं: पात्र म्हणजे भांडें, आणि पात्र म्हणजे एखाद्या कार्यास योग्य असा मनुष्य. भांड्यालाही योग्यता लागते, हें मात्र स्वयंपाकघरांतील ओव्हननें आम्हांस उतारवयांत शिकविलें.

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन अशा दोन्ही सोयी असलेला ओव्हन आला. सूनबाईनें त्याच्यासाठीं निराळीं भांडीं मागितलीं. ‘घरांत भांड्यांस काय तोटा?’ असें म्हणून आम्हीं ती मागणी उडवून लाविली. पुढें नातवाच्या वाढदिवशीं तिनें बिनअंड्याचा केक घरांतल्याच एका जाड काचेच्या वाडग्यांत कन्व्हेक्शनवर भाजला. वाडगा बाहेर काढून ओल्या ओट्यावर ठेवतांच तो फुटला. काचा चोहोंकडे उडाल्या, आणि अनवाणी नातू दारांतच उभा! सुदैवानें त्यास इजा झाली नाहीं. सर्वांनीं दोष सूनबाईस दिला, व आम्हीही दोन कठोर शब्द बोललों. वस्तुतः दोष आमचा होता. तो कबूल करावा, व इतर कुटुंबांवर असा प्रसंग येऊं नये, एवढ्यासाठींच हा लेख.

ह्या एका पेटींत दोन अगदीं भिन्न रीतींनीं पदार्थ शिजतो. मायक्रोवेव्ह चालूं असतां सेकंदास सुमारें २४५ कोटी कंपनें असलेल्या लहरी पदार्थांत शिरतात, त्यांतील पाण्याचे कण हालवितात, व उष्णता पदार्थांतच उत्पन्न होते. येथें भांड्याचें कर्तव्य एकच. लहरींस वाट देणें. धातु ती देत नाहीं. तो लहरी परतवितो, आणि कित्येकदां ठिणग्याही उडतात. सोनेरी कांठाची बशीदेखील ह्याच कारणानें वर्ज्य समजावी.

कन्व्हेक्शनमध्यें ह्याच्या उलट. तेथें विजेनें तापलेली हवा पंखा फिरवितो. भांडें तापतें आणि भांड्यामुळें पदार्थ भाजतो. म्हणून उष्णता लवकर पोंचविणारा धातु येथें उत्तम. केक, नानखटाई, पाव ह्यांस अ‍ॅल्युमिनियमचें भांडें घ्यावें. गडद रंगाच्या भांड्यांत कड लवकर करपते, हेंही ध्यानांत असावें. उलटपक्षीं, मायक्रोवेव्हमध्यें चालणारें प्लास्टिक ह्या १८० अंशांच्या हवेंत वितळून जाईल.

दोन्ही शक्ति एकदम चालविणारी जी मिश्र पद्धति, तींत भांड्यानें दोन्ही परीक्षा उतरल्या पाहिजेत. लहरींस वाटही द्यावी आणि तापही सोसावा. तेथें बोरोसिलिकेट काच किंवा ओव्हनसाठींच केलेलीं चिनी मातीचीं भांडीं घ्यावींत. सिलिकोनचे साचेही चालतात. मात्र त्यांवर छापलेली तापमर्यादा पाहावी. धातूचें भांडें वा जाळी ह्या पद्धतींत यंत्राच्या पुस्तिकेनें स्पष्ट अनुमति दिली असेल तरच वापरावी.

आतां काचेविषयीं. जर्मनींतील ओटो शॉट ह्यांनीं १९ व्या शतकाच्या अखेरीस तयार केलेली बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या सुमारें एक तृतीयांशच प्रसरण पावते. म्हणून ती ताप सोसते. साध्या काचेचा एक भाग गरम व दुसरा एकदम थंड झाला, कीं ओढाताणीनें ती फुटते. आमचा वाडगा असाच गेला. जाडी म्हणजे बळकटी नव्हे! तथापि चांगल्या काचेसही धक्का देऊं नये. शीतकपाटांतून थेट तप्त ओव्हनमध्यें, किंवा ओव्हनमधून ओल्या ओट्यावर तिला ठेवूं नये. खालीं कोरडें जाड फडकें वा लांकडी पाट असावा. काच हळू तापते व उशिरां निवते, म्हणून तींत केक भाजतांना ताप दहा-पंधरा अंशांनीं कमी ठेवावा.

विकत घेण्यापूर्वीं फिरत्या थाळीचा व्यास मोजून न्यावा. भांडें कानांसकट भिंतींस न लागतां फिरलें पाहिजे, व भोंवतीं हवा खेळण्यास दोन बोटें जागा राहिली पाहिजे. चौकोनी भांड्याचें माप कोनापासून कोनापर्यंत घ्यावें.

घरांतील एखादें काचेचें वा मातीचें भांडें मायक्रोवेव्हला चालेल कीं नाहीं, अशी शंका असल्यास तें रिकामें आंत ठेवून शेजारीं पेलाभर पाणी ठेवावें, व मायक्रोवेव्ह एक मिनिट चालवावा. पाणी तापलें व भांडें थंड राहिलें तर तें चालेल. भांडेंच तापलें तर नाहीं. धातूच्या भांड्याची मात्र ही परीक्षा करूं नये, आणि कन्व्हेक्शनचा ताप भांडें सोसेल कीं नाहीं, हें तिच्यावरून ठरवूं नये.

सर्व खरेदी एकदम करण्याचें कारण नाहीं. अ‍ॅल्युमिनियमचें एक गोल भांडें, झांकणासह बोरोसिलिकेटचें एक पसरट भांडें आणि एक चपटा पत्रा, एवढ्यांत आमच्या अकरा माणसांच्या कुटुंबाचें भागतें. हीं तीन आम्हीं स्वतः बाजारांतून आणलीं. निवड मात्र सूनबाईनें केली. जी ओव्हनपुढें उभी राहते तिचें मत आधीं विचारावें, हा पात्रविचार आम्हांस भांड्यांच्याही अगोदर सुचावयास हवा होता.