दोन रकान्यांची वही

"मॅडम, भिल्ली लोकगीतांवरचं पुस्तक आहे का?"

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, संदर्भ विभागाच्या टेबलासमोर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी होती. नंदुरबार जिल्ह्यातून आलेली, खांद्यावर सॅक, हातात पाण्याची बाटली. टेबलामागच्या बाईंनी संगणकाला हातही लावला नाही. "आधी बस गं," त्या म्हणाल्या. "गाणी हवीत, की गाण्यांवर कुणी लिहिलेलं हवंय?"

मुलगी जरा घुटमळली. "गाणी आहेत माझ्याकडे. आजी म्हणते ती. मोबाइलवर रेकॉर्ड केलीत. पण प्रकल्पात कशी घालायची? सर म्हणाले, संदर्भ दे. आता आजीचा संदर्भ कसा द्यायचा?"

खरा प्रश्न आत्ता कुठे टेबलावर आला होता. बाई उठल्या आणि कपाटातून दुर्गा भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेखा' घेऊन आल्या. मग त्यांनी संगणकावर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उघडला. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. बाईंनी एका ओवीखालच्या नोंदीवर बोट ठेवलं. "हे बघ, ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आजीचंही असंच लिहायचं. नाव, गाव, कोणत्या बोलीतलं गाणं, कधी म्हटलं, कुणी उतरवून घेतलं. तुझी आजी म्हणजेच तुझा संदर्भ."

मुलगी गेल्यावर बाईंनी खणातून एक जाड वही काढली. मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेले होते. डावीकडे लिहिलेलं 'आला तेव्हा', उजवीकडे 'गेला तेव्हा'. डाव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'भिल्ली लोकगीतांवर पुस्तक'. उजव्यात लिहिलं, 'मौखिक साधनाचा संदर्भ कसा द्यावा'. पुढे तारीख. नाव नाही.

मी त्या विद्यापीठात मराठी शिकवत होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आपण किती आधार देतो, हे तपासण्याच्या समितीवर नुकतीच माझी नेमणूक झाली होती. आधार म्हणजे काय आणि तो मोजायचा कसा, याचा पहिला धडा मला त्या वहीने दिला.

टेबलामागचं काम

संदर्भसेवा हे आपल्याकडे कुणी उगाच काढलेलं खातं नव्हे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने गणिताच्या एका प्राध्यापकाला ग्रंथपाल नेमलं. ते शियाळी रामामृत रंगनाथन. लंडनला जाऊन त्यांनी ग्रंथालयशास्त्र शिकून घेतलं, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि परत येऊन उभं आयुष्य या विषयाला दिलं. १९३१ साली त्यांची पाच सूत्रं पुस्तकरूपाने आली. ग्रंथ वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. वाचक आणि ग्रंथ यांची गाठ माणसाने जातीने घालून द्यायची, ही त्यांची संदर्भसेवेची कल्पना होती. विद्यार्थ्यांना मिळणारा आधार तपासायला निघालेल्या कुणालाही ही पाच सूत्रं आजही पुरतात. त्यातलं चौथं तर संशोधक विद्यार्थ्याच्या फारच जिव्हाळ्याचं आहे.

पुण्याचंच उदाहरण घ्या. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ रोजी. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. विद्यापीठाचं ग्रंथालय १९५० साली सुरू झालं आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पण पुण्यात आलेल्या संशोधकाचं ग्रंथालय एका इमारतीत मावत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ ची, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. शिवाय येरवड्याला डेक्कन कॉलेज. मोडी कागद कुठे पाहायचे, हस्तलिखित कुठे, शेतीची जुनी पाहणी कुठे, हे पुण्यात वाढलेल्या मुलाला घरातूनच कळलेलं असतं. लातूरहून किंवा गडचिरोलीहून आलेल्याला ते कुणीतरी सांगावं लागतं. त्याला कुणी सांगितलं नाही, तर एवढं वैभव जवळ असून त्याच्यापुरतं ते नसल्यासारखंच.

बी.ए. ते पीएच.डी.

बी.ए.पर्यंत आपला विद्यार्थी गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्यावर निभावून नेतो. एम.ए.ला आल्यावर त्याला अचानक सांगितलं जातं, "तुमचं मत मांडा, आधार द्या." मत मांडायची सवय त्याला कुणी लावलेली नसते आणि आधार म्हणजे तळटीप, हेही माहीत नसतं. त्यातच निम्मं वाचन इंग्रजीत. बारा-पंधरा वर्षं मराठीतून शिकलेला मुलगा इंग्रजी लेखाच्या पहिल्या पानावर अडखळतो आणि अडचण भाषेची असताना स्वतःच्या बुद्धीला दोष देतो. पहिल्या सत्रात कुणी शेजारी बसून एक लेख त्याच्याबरोबर वाचला, तर पुढची दोन वर्षं बदलतात. हे मी वर्गात अनेकदा पाहिलं आहे.

पीएच.डी.ची घडी नियमांनी बऱ्यापैकी घातली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं आणि साधारण सहा वर्षांच्या आत प्रबंध द्यायचा. १२ ते १६ श्रेयांकांचं कोर्सवर्क करायचं. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा. स्त्री संशोधकांना दोन वर्षं जादा आणि संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजा. कागदावर ही सोय चांगली आहे. ती मुलीपर्यंत पोहोचली का, हे मात्र तिलाच विचारावं लागतं. रजेचा नियम ठाऊक नसल्यामुळे संशोधन सोडायला निघालेली मुलगी मी पाहिली आहे.

साधनांच्या बाबतीत तर गेल्या काही वर्षांत फार मोठं काम झालं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध घरबसल्या वाचता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं. सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या हाती आता असे लेख येऊ शकतात, ज्यांच्यासाठी आम्ही मित्रांना पत्रं पाठवायचो. तेरा हजारांतून आपल्या कामाचे तेरा लेख कसे निवडायचे, हे मात्र योजनेत येत नाही. ते शिकवायला परत टेबलामागचा माणूसच लागतो.

शून्य टक्क्यांची गोष्ट

वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने २०१८ साली नियम केले. प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई. रीतसर संदर्भ दिलेली अवतरणं मोजणीतून वगळायची.

एक विद्यार्थी आनंदाने माझ्याकडे साम्याचा अहवाल घेऊन आला. शून्य टक्के! संतसाहित्यावरचा अडीचशे पानी प्रबंध, त्यात अभंगांची कितीतरी अवतरणं, आणि साम्य काहीच नाही? ते कोडं संदर्भ विभागातल्या बाईंनी उलगडलं. प्रबंध जुन्या धाटणीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला होता. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये आत रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत असतो. यंत्राला तिथे मराठी दिसलीच नाही, नुसती निरर्थक अक्षरांची रांग दिसली. तिच्याशी कशाचं साम्य सापडणार?

याची दुसरी बाजू अधिक दुःखाची आहे. असा प्रबंध पीडीएफ होऊन भांडारात गेला, की तो डोळ्यांना वाचता येतो, पण शोधून सापडत नाही. पुढच्या संशोधकाने 'जनाबाई' शब्द घालून आतला मजकूर शोधला, तर तो त्याच्यासमोर येणार नाही. पाच वर्षांची मेहनत बंद कपाटात जाते. आणि उपाय केवढा? "युनिकोडमध्ये टंकून घे," हे एक वाक्य, प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात. विद्यार्थ्याला ते विद्यापीठाकडून कळत नाही. मग तो फाटकाबाहेरच्या डीटीपीवाल्याकडे जातो आणि त्याच्या संगणकात जो फॉन्ट असेल त्यात त्याचं संशोधन छापून निघतं.

मोजायचं कसं

आपल्याकडे मूल्यमापन होत नाही, असं कुणी म्हणू नये. १९९४ साली स्थापन झालेली बंगळुरूची नॅक ही संस्था सात निकषांवर संस्था तपासत आली आहे. त्यातला पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारा आधार आणि त्यांची प्रगती हाच आहे. विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणीही होते. या मोजणीमुळे अनेक ठिकाणी अभ्यासिका उघडल्या, तक्रार समित्या बसल्या, रॅम्प बांधले गेले. हे मोल मोठं आहे.

पण आमच्या समितीच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'ग्रंथालय सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?' पाचपैकी गुण द्या. मुलांनी भराभर चार-चार, पाच-पाच दिले. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं ग्रंथालय पाहिलं, तो कमी गुण कसा देईल? काय मिळू शकतं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या समाधानावरून सेवेची पारख होत नाही.

यावर एक चांगला तोडगा निघालेला आहे. परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८८ साली सेवेची गुणवत्ता मोजायची 'सर्व्हक्वाल' ही पद्धत मांडली. अपेक्षा आणि अनुभव यांतलं अंतर मोजायचं, हे तिचं सूत्र. तिच्यावरून अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाबरोबर 'लिबक्वाल' तयार केली. तिच्यात बावीस मुख्य प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला एक ते नऊमधले तीन आकडे द्यायचे असतात. निदान किती हवं, मनासारखं किती, आणि प्रत्यक्षात मिळतं किती.

समजा, शांत बसायला जागा या प्रश्नाला एखाद्याने निदान पाच, मनासारखं आठ आणि प्रत्यक्षात सात असे आकडे दिले. काम बरं चाललंय. 'माझी अडचण समजून घेणारा कर्मचारी' याला त्यानेच निदान सात, मनासारखं नऊ आणि प्रत्यक्षात पाच दिले. किमानही गाठलं गेलेलं नाही. पहिली दुरुस्ती इथे करायची, हे एका नजरेत कळतं. सरसकट विचारलं असतं, तर त्याच विद्यार्थ्याने 'समाधानी' लिहून टाकलं असतं.

फॉर्म न भरणारे

आमच्या पाहणीत आणखी एक उणीव होती आणि तिची खंत मला आजही आहे. फॉर्म आम्ही अभ्यासिकेत वाटले. म्हणजे ज्यांना जागा मिळाली होती त्यांनाच विचारलं. तालुक्याच्या कॉलेजात आठवडाभर शिकवून शनिवारी एसटीने येणारा अर्धवेळ संशोधक त्यात नव्हता. 'कमवा व शिका'त काम करणारा विद्यार्थी त्या वेळी कामावर होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेल्या वाटेने तो शिकतो आहे, आणि ग्रंथालयाच्या वेळा त्याच्या कामाच्या वेळांशी जुळतात का, हे आम्ही त्याला विचारलं नाही. वसतिगृहाच्या वेळेमुळे लवकर उठून जावं लागणाऱ्या मुली नव्हत्या. संशोधन मध्येच सोडून गेलेले तर कुठल्याच यादीत नव्हते. आधार कुठे कमी पडला, हे सगळ्यांत नेमकं तेच सांगू शकले असते.

बाईंच्या वहीत मात्र यातले बरेचजण होते. 'एसी हॉलमध्ये जागा मिळेल का', उजवीकडे, 'खोलीत पाचजण, अभ्यासाला जागा नाही'. 'दुष्काळाची आकडेवारी', उजवीकडे, '१९७२ साली माझ्या तालुक्यात दुष्काळी कामं कुठे निघाली'. 'चांगलं जर्नल सुचवा', उजवीकडे, 'माझा लेख परत का आला ते समजत नाही'. काही ओळींत उजवा रकाना रिकामा होता. "जमलं नाही ते कोरं ठेवते," त्या म्हणाल्या. प्रश्नावलीच्या उत्तरांचं संख्याशास्त्र कोण शिकवेल, ही विचारणा डावीकडे पुन्हापुन्हा आली होती आणि उजवी बाजू दर वेळी कोरी. त्या वहीच घेऊन संख्याशास्त्र विभागात गेल्या. तेव्हापासून दर शनिवारी दोन तास तिथला एक शिक्षक ग्रंथालयात बसू लागला. मूल्यमापनाने करायचं असतं ते एवढंच, आणि एका वहीने ते केलं होतं.

समितीच्या अहवालाला ती वही जोडावी, असं मी सुचवलं. नमुन्यात त्यासाठी जागा नव्हती. मी फार ताणून धरलं नाही. धरायला हवं होतं.

नंदुरबारच्या त्या मुलीचा प्रकल्प मी तपासला. शेवटी 'गायिका' असं शीर्षक देऊन तिने अकरा बायकांची नावं लिहिली होती, गावासह, बोलीसह. पहिलं नाव आजीचं होतं.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा ती वही त्यांनी मला दिली. त्यांच्या जागी अजून कुणाची नेमणूक झालेली नाही. वहीतली शेवटची नोंद त्यांच्या निवृत्तीच्या दिवसाची आहे. डाव्या रकान्यात कुणा विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात उतरवलेला आहे, 'मॅडम, उद्यापासून कुणाला विचारायचं?'

उजवा रकाना कोरा आहे. तो भरण्याचं काम विद्यापीठाचं आहे.