वसाहतकालीन अमेरिकन कुटुंबातील अविवाहित स्त्री

सतराव्या-अठराव्या शतकांत न्यू इंग्लंडमधील घर हे केवळ निवासस्थान नव्हते; शेती, उद्योग आणि शिस्त या तिन्हींचे ते केंद्र होते. एकट्या व्यक्तीने कोणत्यातरी कुटुंबाच्या अंमलाखाली राहावे, असा तेथील प्युरिटन वसाहतींचा आग्रह असे. साहजिकच लग्न न झालेली मुलगी वडिलांच्या पश्चात बहुधा भावाच्या संसारात राही. भावजयीची बाळंतपणे, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि सूतकताई यांत तिचे दिवस जात. ‘स्पिन्स्टर’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ सूत कातणारी असाच आहे. पुढे कायद्याच्या कागदपत्रांत तो अविवाहित स्त्रीचा वाचक ठरला.

कायद्यात मात्र तिचे स्थान विवाहितेहून वरचे होते. विवाह होताच स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिची कमाईही त्याचीच होई. उलट, अविवाहितेला जमीन बाळगता येई, करार करता येत, दावा लावता येई. दक्षिणेकडील मेरीलँड वसाहतीत १६३८ साली आलेल्या मार्गारेट ब्रेंटने स्वतःच्या नावे जमीन मिळविली. १६४७ मध्ये गव्हर्नर लेनर्ड कॅल्व्हर्टने मृत्यूसमयी आपल्या मिळकतीची व्यवस्था तिच्यावर सोपविली. १६४८ मध्ये तिने वसाहतीच्या विधानसभेत मताचा अधिकार मागितला. तो मात्र नाकारण्यात आला.

परंतु मिळकतच नसेल, तर मिळकतीचा हक्क कोणत्या कामाचा? जमीन बहुधा मुलग्यांकडे जाई. मुलीच्या वाट्याला अंथरूण-पांघरूण, भांडी, एखादी गाय येई. कित्येक मृत्युपत्रांत तिला घरातील एका खोलीचा वापर, तोही लग्न होईपर्यंतच, लिहून दिलेला आढळतो. घर भावाचे, चूल भावजयीची. ती तेथे आश्रितच राही.

हातात कसब असलेल्या स्त्रीला थोडी मोकळीक मिळे. मॅसॅच्युसेट्समधील हॅटफील्ड गावची रिबेका डिकिन्सन (१७३८–१८१५) स्त्रियांचे झगे शिवून आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर राहिली. वसाहती स्वतंत्र झाल्यानंतर, १७८७ पासून, तिने लिहिलेली दैनंदिनी उपलब्ध आहे. तीत एकटेपणाचे दुःख आहे, तसे स्वतंत्रपणाचे समाधानही आहे. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य तिला उपभोगता आले ते हातातील सुईमुळे. ज्यांच्याकडे असे साधन नव्हते, त्यांच्यासाठी ते कागदावरच राहिले.