बी.ए.ची सीट मिळाली, दुसरीची वाट पाहतोय: निर्णय कसा घ्यायचा?

बारावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांचे फोन सुरू होतात. इंजिनीअरिंग, फार्मसीवाल्यांचे प्रश्न ठरलेले असतात, आणि त्यांना सांगणारेही गल्लोगल्ली असतात. आर्ट्सला जाणाऱ्या मुलांच्या घरी मात्र विचारायला कोणी नसतं. "पनवेलच्या कॉलेजात नाव लागलंय, मुंबईचं अजून कळलं नाही, दिल्लीची परीक्षाही दिलीय. आता फी भरायची की थांबायचं?" हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि बहुतेक वेळा फी भरायच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी येतो.

म्हणून हा लेख. तारखा, पैसे, विषय आणि प्रवास या चार गोष्टी आधी समजून घेतल्या तर घरातला मशवरा शांतपणे होतो.

तारखा एकमेकींशी जुळत नाहीत

पहिली अडचण वेळापत्रकाची. २०२५ मध्ये महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांच्या मेरिट लिस्ट मेच्या अखेरीस सुरू झाल्या. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही परीक्षा आहे. २०२५ मध्ये तिचा निकाल ४ जुलैला आला. म्हणजे मधे पूर्ण दोन महिने. या दोन महिन्यांत जवळच्या कॉलेजची सीट सोडायची का, हाच खरा पेच.

आमचं उत्तर सरळ आहे: सोडू नका. मेरिट लिस्टमध्ये नाव आलं आणि मुदतीत फी भरली नाही तर त्या सीटवरचा हक्क जातो. पुढच्या लिस्टमध्ये तो परत मिळेलच असं नाही. हातातली सीट पक्की करा आणि मग वाट पाहा.

दिल्ली विद्यापीठाची पद्धत आणखी वेगळी. तिथे सीयूईटीच्या मार्कांवर पोर्टलवरून सीट मिळते. मिळालेली सीट आधी 'ऍक्सेप्ट' करावी लागते. त्यानंतर 'अपग्रेड' निवडलं तर वरच्या पसंतीची वाट पाहता येते, 'फ्रीज' केलं तर तीच सीट कायम. पहिली सीट आवडली नाही म्हणून काहीच न करता बसलात, तर प्रक्रियेतूनच बाहेर पडता. अलिगढ आणि जामिया मिलिया यांचे काही कोर्स सीयूईटीवर आहेत, बाकीच्यांसाठी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. दोन्हींचे फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या.

भरलेली फी परत मिळते का?

"एकदा पैसे भरले की गेले" ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. ती चुकीची आहे. यूजीसीने २०१८ मध्ये फी परताव्याचे टप्पे ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर, थोडी प्रक्रिया फी वजा करून, पूर्ण रक्कम. शेवटच्या तारखेपूर्वीच्या १५ दिवसांत रद्द केला तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. २०२४-२५ साठी यूजीसीने आणखी सवलत दिली होती: ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात. दर वर्षीचं परिपत्रक वेगळं असू शकतं, म्हणून फी भरतानाच कॉलेजच्या ऑफिसात विचारा की यंदा कोणता नियम लागू आहे, आणि पावती जपून ठेवा.

दुसरी गोष्ट कागदांची. मूळ मार्कशीट, एलसी तपासून विद्यार्थ्याला परत द्यायचे, कॉलेजने अडकवून ठेवायचे नाहीत, हे याच २०१८ च्या नियमांत आहे. राज्याबाहेर जायची शक्यता असेल तर बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. त्याचा अर्ज निकालानंतर लगेच करा.

स्कॉलरशिपचा आकडा आणि खरा खर्च

पुण्याचं फ्लेम, सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स, हरियाणात सोनीपतचं अशोका, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, अशी नावं आता आपल्या मुलांनाही माहीत आहेत. ऑफर लेटर आलं की घरात मिठाई वाटली जाते. जरूर वाटा. पण लेटरमधला स्कॉलरशिपचा टक्का बघून थांबू नका, उरलेली रक्कम बघा.

समजा, वर्षाचा खर्च ८ लाख आणि स्कॉलरशिप ५० टक्के. तरी वर्षाला ४ लाख घरातून जाणार. चार वर्षांचे १६ लाख. त्यात हॉस्टेल आणि मेस धरलं आहे का? पुढच्या वर्षी फी वाढणार का? मार्क ठरावीक पातळीखाली गेले तर स्कॉलरशिप बंद होते का? ही तीन उत्तरं ईमेलवर लेखी मागा. अशोका आणि अझीम प्रेमजी यांच्याकडे घरच्या उत्पन्नावर मदत ठरते, त्यामुळे उत्पन्नाचे कागद नीट दिले तर मदत वाढू शकते. मागायला लाजू नका.

व्याजाचं कर्ज नको, ही अनेक घरांची भूमिका असते. मग तर हा हिशेब आणखी काटेकोर करायला हवा. पहिल्या वर्षी दागिने मोडून फी भरली आणि दुसऱ्या वर्षी मूल परत आलं, यापेक्षा वाईट काही नाही.

इकडे अनुदानित कॉलेजमधली साधी बी.ए. ही अजूनही सर्वात स्वस्त पदवींपैकी एक आहे. मात्र त्याच इमारतीत मास मीडियासारखे कोर्स विनाअनुदानित असतात आणि त्यांची फी बरीच जास्त असते. कॉलेज एकच म्हणून फी एकच, असं समजू नका.

सवलतींबद्दलचे तीन गैरसमज

एक. 'मायनॉरिटी कॉलेज' म्हटलं की आपल्या मुलांना कोटा मिळेल असं वाटतं. तो कोटा त्या कॉलेजच्या स्वतःच्या समाजापुरता असतो. झेवियर्सचा ख्रिश्चनांसाठी, के.सी. आणि जयहिंदचा सिंधी भाषकांसाठी. मुस्लिम कोटा नागपाड्याचं महाराष्ट्र कॉलेज, वांद्र्याचं रिझवी, पुण्याचं पूना कॉलेज किंवा आबेदा इनामदार अशा आपल्या संस्थांत मिळेल. झेवियर्ससारख्या ठिकाणी ओपनमधून जायचं, आणि आपली मुलं जातातही.

दोन. २०२४ मध्ये राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची फी माफ केली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साध्या बी.ए.ला ती लागू धरू नका.

तीन. "आपल्याला रिझर्व्हेशन नाही." मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी असे अनेक मुस्लिम समाज महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. जे कोणत्याच आरक्षणात नाहीत त्यांना अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएस मिळतं. दाखले तहसीलमध्ये एका दिवसात होत नाहीत, म्हणून अकरावीतच कामाला लागा. महाडीबीटी पोर्टलवर राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही आहे. तिचा अर्ज प्रवेशानंतर विसरला जातो.

विषय आणि वर्षं

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची आहे. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. क्रेडिट खात्यात जमा राहतात आणि नंतर परत येता येतं. इथे मुलींच्या पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रिश्ता आला, लग्न ठरलं, "एक वर्षाचं सर्टिफिकेट तर मिळालंय ना" असं म्हणून शिक्षण थांबवू नका. ते सर्टिफिकेट पदवी नाही. एमपीएससी, बी.एड., तीन वर्षांची एल.एल.बी. या सगळ्यांना पूर्ण पदवीच लागते.

विषयाबद्दल विचारा: मेजर म्हणून हवा तो विषय खरंच मिळणार का, की पुरेशी मुलं नसली तर वर्ग सुरूच होत नाही? उर्दू माध्यमातून आलेल्यांनी विचारावं: उर्दू विषय आहे का, पेपर कोणत्या भाषेत लिहिता येतो? उर्दूतूनच पदवी हवी असेल तर हैदराबादचं मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी १९९८ पासून आहे.

आणि "आर्ट्स करून काय होणार?" या प्रश्नाला एक उत्तर: जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख. वडील रिक्षाचालक. पुण्याच्या फर्ग्युसनमधून राज्यशास्त्रात बी.ए. यूपीएससी २०१५ मध्ये पहिल्याच प्रयत्नात ३६१ वी रँक, वय २१. सगळेच आयएएस होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. शिक्षक, वकील, पत्रकार, अनुवादक, समाजकार्यकर्ते, हे सगळे याच दारातून जातात.

लोकलचा हिशेब

पनवेल ते सीएसएमटी हार्बरने साधारण सव्वा ते दीड तास. झेवियर्सला तिथून पायी जाता येतं. रुईयाला कुर्ल्याला गाडी बदलून माटुंगा. जाऊन-येऊन रोज तीन तासांहून जास्त, तीन वर्षं. फॉर्म भरायच्या आधी एकदा मुलासोबत सकाळच्या गर्दीत हा प्रवास करून बघा. विद्यार्थ्यांना पासमध्ये सवलत मिळते, पण थकव्यात मिळत नाही. पनवेलमध्ये महात्मा फुले, सी.के. ठाकूर, पिल्लई ही कॉलेजं आहेतच. तिथे विषय मिळत असेल आणि वाचलेले तीन तास लायब्ररीत जाणार असतील, तर ती कमी दर्जाची निवड ठरत नाही. उलट मंगला एक्सप्रेस पनवेलहून थेट हजरत निजामुद्दीनला जाते. हॉस्टेल पक्कं असेल तर जामिया रोजच्या लोकलपेक्षा सोपंही पडू शकतं.

पण हा हिशेब मुलासाठी एक आणि मुलीसाठी दुसरा असं होताना आम्ही पाहतो. मुलाला "दिल्लीला जा", मुलीला "जवळचं बघ". अंतराची काळजी खरी असेल तर हॉस्टेलचे नियम, वॉर्डनचा नंबर, तिथे शिकणाऱ्या आपल्या भागातल्या मुली, या गोष्टी तपासा. न तपासता नाही म्हणणं म्हणजे तिने मिळवलेले मार्क कपाटात ठेवणं.

मशवऱ्याला बसताना

एक कोरा कागद घ्या. प्रत्येक सीटसमोर चार रकाने करा: पूर्ण कोर्सचा घरातून जाणारा खर्च, मेजर विषय, रोजचा प्रवास किंवा हॉस्टेल, आणि फी परत मिळण्याची शेवटची तारीख. इस्तिखारा जरूर करा, मोठ्यांना विचारा, पण हा कागदही समोर असू द्या. आणि ज्याला तीन-चार वर्षं तिथे बसायचं आहे, त्याला किंवा तिला सगळ्यात आधी बोलू द्या. मामू, चाचा, शेजारी नंतर.