टर्बो : घरी बसवावा की गॅरेजात?

सायकलच्या चाकात हवा भरल्यावर पंपाच्या तळाशी कधी हात लावून पाहिला आहे का? वीस-पंचवीस झटके मारले की तेथे चटका बसावा इतकी नळी तापते. 'दट्ट्या घासतो म्हणून तापते', असे बरेच जण सांगतात. ते थोडेसे खरे आहे. पण मुख्य कारण निराळे आहे. हवा झटकन दाबली की ती तापते. दाबण्यासाठी आपण केलेले काम उष्णतेच्या रूपाने तिच्यात साठते.

ही एवढीशी गोष्ट नीट लक्षात ठेवा. अमेरिकेतील मोटारींच्या हौशी लोकांत एका प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद चालतो. गाडीला टर्बोचा संच आपणच बसवावा, की पैसे मोजून गॅरेजकडून बसवून घ्यावा? या वादाचा निकाल सायकलच्या पंपापाशीच लागतो. तो कसा, ते आज पाहू.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनातून किती शक्ती मिळेल हे त्यात किती पेट्रोल नीट जळते यावर अवलंबून असते. पेट्रोल जास्त सोडणे सोपे असते. ते जाळायला लागणारी हवा आत जाणे मात्र अवघड असते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. साधे इंजिन ही हवा स्वतःच्या दट्ट्यांनी ओढून घेते, म्हणजे बाहेरच्या वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलील तेवढीच त्याला मिळते.

स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअराच्या मनात विचार आला, की इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एवढा जोर घेऊन जातो, तो फुकट का घालवावा? त्या धुराच्या झोतात पात्यांचे एक चाक ठेवावे, त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवावे आणि त्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी. या कल्पनेचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. हाच टर्बोचार्जर, बोलताना नुसते 'टर्बो' म्हणतात.

१९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. विरळ हवेत दमणारे इंजिन टर्बो लावल्यावर समुद्रसपाटीइतकी शक्ती देऊ लागले. पुढे टर्बो जहाजांत, मालमोटारींत आला आणि १९६२ साली अमेरिकेत विक्रीच्या मोटारींतही आला.

एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू

नुसते हवेत बोलण्यापेक्षा एक खरी गाडी घेऊ. १९८९ साली माझदा कंपनीची 'मियाटा' ही छोटी, दोन आसनी, उघड्या टपाची गाडी अमेरिकेत आली. तिचे इंजिन १,६०० घनसेंटिमीटरचे आणि ११६ अश्वशक्तीचे, म्हणजे बेताचेच होते. गाडी हलकी, वळणावर चपळ आणि दुरुस्तीला सोपी होती. त्यामुळे जुनी मियाटा घेऊन तिला टर्बो बसवणे हा तिकडच्या तरुणांचा आवडता उद्योग झाला. संच तयार मिळतो. त्यात टर्बो, धुराची नवी नळी, हवेचे पाइप, ऑईलच्या नळ्या, नट-बोल्ट आणि सूचनांची पुस्तिका असते. संचाची किंमत घरी बसवा की गॅरेजात, सारखीच. फरक मजुरीचा. तिकडे मजुरी तासावर आणि चांगलीच महाग. म्हणून साठवलेले पैसे खिशात घेऊन उभा असलेला तरुण म्हणतो, 'पाने माझ्याकडे आहेत, पुस्तिकाही आहे. मग मीच का बसवू नये?'

प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी आपण थोडे गणित करू.

गणित काय सांगते?

हे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत आहे असे समजा. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते. म्हणजे मिनिटाला ३,००० वेळा १.६ लिटर हवा, एकूण ४,८०० लिटर. सेकंदाला ८० लिटर झाली. लिटरभर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम धरले तर सेकंदाला ९६ ग्रॅम हवा आणि तिच्यासाठी सुमारे साडेसहा ग्रॅम पेट्रोल.

आता टर्बो लावून हवेचा दाब दीडपट केला. मग हवाही दीडपट आत गेली का? येथेच पंपाची आठवण ठेवा. दाबल्यामुळे हवा तापली. बाहेर २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन असेल, तर चांगल्या टर्बोतून निघणारी हवा सुमारे ८० अंश, म्हणजे ३५३ केल्विन असते. तापलेली हवा प्रसरण पावते, विरळ होते. म्हणून खरी वाढ १.५ × ३०० ÷ ३५३, म्हणजे सुमारे १.२७ पट. पन्नास टक्के वाढ मिळेल असे वाटले होते, हाती सत्तावीसच आले!

यावर उपाय आहे. दाबलेली हवा रेडिएटरसारख्या जाळीतून नेऊन थंड करायची. या जाळीला इंटरकूलर म्हणतात. हवा ४५ अंशांवर आणली तर वाढ १.४१ पट होते.

पण तापलेल्या हवेचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे. सिलिंडरमध्ये गेल्यावर दट्ट्या ती पुन्हा दाबतो. या इंजिनात सुमारे ९.४ पट. त्या दाबाने तिचे केल्विनमधील तापमान ढोबळ मानाने २.२ पट होते. म्हणजे सुरुवातीचे ५३ अंशांचे अंतर शेवटी ११५ अंशांच्या पुढे जाते. शिवाय दाबही मूळच्या दीडपट. आता ठिणगी पडते, ज्योत एका टोकाकडून पसरू लागते आणि कोपऱ्यातले उरलेले मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकते. दाबाची लाट भिंतींवर आणि दट्ट्यावर हातोड्यासारखी आदळते. यालाच मेकॅनिक लोक 'नॉकिंग' म्हणतात. ते जोराने चालू राहिले तर दट्ट्याच्या कडा तुटतात, त्यावरील रिंगांचे तुकडे होतात.

नॉकिंग टाळायचे तर ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते आणि पूर्ण जोराच्या वेळी पेट्रोल थोडे जास्त द्यावे लागते, १४.७ भाग हवेऐवजी बारा भागांच्या आसपास. जादा पेट्रोलाची वाफ होताना मिश्रण थंड होते. ही मात्रा इंजिनाच्या प्रत्येक गतीला आणि प्रत्येक दाबाला वेगळी ठरवावी लागते. या ठरवण्याच्या कामाला ट्यूनिंग म्हणतात.

बोलणाऱ्या चुका आणि मुक्या चुका

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'घरी की गॅरेजात?' असे सगळ्या कामाचे एकदम विचारण्यापेक्षा प्रत्येक कामाला एक प्रश्न विचारावा : येथे चूक झाली तर ती मला वेळेवर कळेल का?

काही चुका बोलतात. पाण्याची नळी सैल राहिली तर गाडीखाली थारोळे साचते. धुराच्या नळीचे पॅकिंग नीट बसले नाही तर फुसफुस ऐकू येते. हवेचा पाइप सुटला तर मोठा आवाज होतो आणि गाडीचा जोर जातो. या चुका दिसतात, ऐकू येतात. गाडी थांबवावी, पाना घ्यावा, दुरुस्त करावे. धीर आणि नीटनेटकेपणा असलेल्या माणसाने ही कामे स्वतः करायला हरकत नाही. उलट प्रत्येक बोल्ट आपल्या हाताखालून गेल्याने गाडी ओळखीची होते.

मधल्या गटात ऑईलची कामे येतात. टर्बोचा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे फिरतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल दाबाने येते, म्हणून येणारी नळी बारीक चालते. परतताना ते फेसाळलेले असते आणि केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते, म्हणून जाणारी नळी रुंद आणि सरळ उताराची हवी. तिला मध्येच फुगवटा किंवा चढ राहिला तर तेल टर्बोत तुंबते आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. ही चूकही बोलते. पण त्या नळीसाठी इंजिनाच्या तळाच्या ऑईल पॅनला भोक पाडावे लागते. मियाटात हा पॅन काढायचा तर पुढची चौकट खाली उतरवावी लागते. एवढा खटाटोप नको म्हणून पुष्कळ जण पॅन जागेवरच ठेवून भोक पाडतात. धातूचा कीस चिकटून राहावा म्हणून ड्रिलला घट्ट ग्रीस लावतात, नंतर थोडे तेल ओतून पॅन धुऊन काढतात. तरीही एखादा कण तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत गेला तर त्या दिवशी काहीच कळत नाही. कळते ते बऱ्याच मैलांनंतर. ही मुकी चूक.

सर्वांत मुकी चूक ट्यूनिंगमधली. मियाटाच्या पहिल्या गाड्यांत आत जाणारी हवा मोजायला एक झडप असते. हवेच्या झोताने ती किती उघडते त्यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. पण झडप पूर्ण उघडली की त्यापुढे आलेली जादा हवा तिला कळतच नाही! त्यातच मूळचे इंजेक्टर मूळच्या इंजिनापुरते. म्हणजे नेमक्या सर्वांत धोक्याच्या क्षणी पेट्रोल कमी पडते. गंमत अशी, की त्या वेळी गाडी छान पळत असते. चालकाला वाटते, काम फत्ते झाले. इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात नॉकिंगचा आवाज दबून जातो. चूक कळते तेव्हा दट्ट्या फुटलेला असतो.

या कामाला कान पुरत नाहीत, मोजमाप लागते. चांगल्या गॅरेजात गाडी लोखंडी रुळांवर जागच्या जागी पळवतात. त्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. धुरात प्राणवायू किती उरला ते उपकरणाने पाहतात, नॉकिंग ऐकायला वेगळे साधन लावतात आणि ठिणगीची वेळ एकेक अंशाने सरकवत जातात. धोका दिसताच यंत्र थांबवतात. आपण पैसे देतो ते पाने फिरवण्याचे नव्हेत, मुक्या चुकीला बोलते करण्याचे.

अर्थात गॅरेजची पाटी म्हणजे हमी नव्हे. ज्याच्याकडे मोजायची साधने नाहीत, जो मोजणीचा आलेख हाती द्यायला तयार नाही, त्याला पैसे देणे आणि अंदाजाने स्वतः करणे यात फारसा फरक नाही. उलट मोजायची साधने घेऊन, महिनोन् महिने अभ्यास करून, कमी दाबापासून सुरुवात करणारे हौशी लोकही आहेत. निवड 'घर की गॅरेज' अशी नसून 'अंदाज की मोजमाप' अशी आहे.

कंपन्यांनाही धडा मिळाला

हा धोका फक्त नवशिक्यांना आहे असे समजू नका. १९६२ सालच्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत दाबाचे प्रमाण १०.२५ पट होते. नॉकिंग टाळण्यासाठी कंपनीने वेगळी टाकी देऊन शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली. टाकी रिकामी झाली तर टर्बोचा दाब आपोआप कमी होई. पण टाकी भरत राहणे कितीतरी मालकांना जमेना. शेवटी अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. पुढे नॉकिंग ओळखणारे संवेदक आणि ठिणगीची वेळ क्षणोक्षणी बदलणारे संगणक आले, तेव्हा पेट्रोल गाड्यांत टर्बो खऱ्या अर्थाने स्थिरावला.

सुरक्षितता आणि कायदा

दोन गोष्टी मात्र वादापलीकडच्या आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खाली भक्कम स्टँड हवेतच. आणि पेट्रोलच्या नळ्यांना हात लावताना घाई नको, कारण टर्बोत शिरणारा धूर ८०० अंशांच्या पुढे तापलेला असतो. त्याच्या शेजारी गळणारा पेट्रोलचा थेंब म्हणजे आगच.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला असा संच लावायचा तर तेथील हवा मंडळाची त्या संचाला मान्यता लागते. तो मालकाने बसवला की गॅरेजने, हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा आपल्याकडे टर्बो हवा असेल तर तो कारखान्यातूनच बसून आलेला घ्यावा, हे उत्तम. अशा गाड्या आता भरपूर आहेत.

पण मुक्या आणि बोलक्या चुकांचा हा भेद मोटारीपुरता नाही. घरातील विजेचे काम असो, औषधाची मात्रा असो की प्रयोगशाळेतील जोडणी असो; 'हे मला करता येईल का?' यापेक्षा 'चुकलो तर मला वेळेवर कळेल का?' हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर 'नाही' असेल तर मोजायचे साधन आणावे, नाहीतर ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जावे.

करून पाहा : टर्बोने हवेचा दाब १.३ पट केला आणि हवा २७ अंशांवरून ६० अंशांवर गेली. इंजिनात किती टक्के जादा हवा जाईल? अंश सेल्सिअसचे केल्विन करायला विसरू नका. (उत्तर : सुमारे १७ टक्के.)